पुढील शॉकअपची दुरुस्ती व तीसाठी घरच्या घरी करावयाची हत्यारे

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी ज्या जागी बैलगाडी सोडलेली असे, त्या जागी हल्ली बहुधा मोटारसायकल उभी असते. डेअरीवर दूध पोचविणे, विहिरीवरील मोटार जळाली असता तालुक्यास धाव घेणे, खताची गोणी आणणे, ही सर्व कामे तिच्यावाचून अडतात. १९८५ साली सीडी १०० ही गाडी बाजारात आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि मग खेडोपाडी या जातीच्या हलक्या गाड्यांचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु बैलगाडीचा आस करकरू लागला म्हणजे आपण कोणास विचारावयास न जाता वंगण घालीत होतो, तशी ओळख या नव्या वाहनाशी आपली अद्याप झालेली नाही. तेल बदलणे व साखळी ताणणे यापलीकडे बहुतेकांचा हात जात नाही. प्रस्तुत लेखात गाडीच्या पुढील शॉकअपची, म्हणजे फोर्कची, दुरुस्ती घरी कशी करिता येते आणि तीस लागणारी खास हत्यारे शेतावरील वस्तूंतून कशी जुळविता येतात, याचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आम्ही हौसेखातर घेतलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या गाडीचा एक शॉकअप गळू लागला. पुतण्या पहाटे दुधाचे दोन कॅन लावून उतार उतरतो. नळीवर तेलाचा ओघळ दिसत होता, पण गाडी चालते आहे ना, मग सुगी आटोपल्यावर पाहू, असे आम्हीच त्यास सांगितले. ज्या बाजूस गळती, त्याच बाजूस ब्रेकची तबकडी. तेल हळूहळू तबकडीवर उतरले, आणि एके दिवशी वळणावर ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही. मुलगा कॅनसह चरात गेला. खरचटण्यावर निभावले, ही ईश्वराची कृपा. वीस मिनिटांच्या कामाची हयगय किती महाग पडू शकते, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

प्रथम रचना पाहू. या फोर्कला दोन पाय असतात. प्रत्येक पायात वर एक गुळगुळीत, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी व खाली ॲल्युमिनियमचे नळकांडे असते. नळी वरच्या टोकास हँडलखालील दोन पट्ट्यांत, ज्यांस गॅरेजात टी म्हणतात त्यांत, आवळलेली असते. नळकांड्याच्या खालच्या टोकास चाकाचा आस असतो. आत एक लांब स्प्रिंग व थोडे तेल असते. खड्डा आला म्हणजे नळी नळकांड्यात शिरते, स्प्रिंग दबते, आणि तेल आतील दांडीच्या बारीक भोकांतून जोराने जाते. त्यामुळे गाडी उसळत राहत नाही. तेलाने धक्का जिरविणारा असा फोर्क जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने १९३५ साली आपल्या गाड्यांवर बसविला; मूळ कल्पना आजही तीच आहे. नळकांड्याच्या तोंडाशी रबराचे ऑइल सील असते. त्याच्या ओठाने तेल आत राहते व चिखल बाहेर राहतो. हा ओठ फाटला, अगर ज्या नळीवर तो घासतो तिच्यावर ओरखडा पडला, म्हणजे गळती सुरू होते.

आता गळती दिसताच फोर्क उघडावयास धावू नये. आपल्या रस्त्यांवरील काळ्या मातीचा चिखल नळीवर वाळतो व त्याचा एखादा कण ओठाखाली अडकतो. अशा वेळी सील चांगले असूनही तेल पाझरते. घरात जुना एक्स-रे काढलेला पडून असतोच. त्याची बोटाएवढी रुंद पट्टी कापून एका कडेस मासे धरण्याच्या गळासारखा आकडा ठेवावा आणि कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्या. धूळ अडविणारे वरचे रबरी टोपडे उचलून ही पट्टी नळी व सील यांच्या मधून हळूच खाली सारावी, नळीभोवती एक फेरा द्यावा व आकड्यासह वर ओढावी. काळी घाण बाहेर येईल. दोन-तीन वेळा असे करून नळी स्वच्छ पुसावी व दहा-पाच किलोमीटर गाडी चालवून पाहावी. नळी कोरडी राहिली, तर काम येथेच संपले. पुन्हा ओली झाली, तर मात्र सील बदलणे भाग आहे.

दुरुस्ती करावयाची ठरली म्हणजे पहिली अडचण गाडी उचलून धरण्याची. मुख्य स्टँडवर गाडी लावून इंजिनाच्या पोटाखाली लाकडी ठोकळा देतात; पण पुढचे चाक व दोन्ही पाय निघाल्यावर गाडीचे वजन मागे झुकते की पुढे, याचा भरवसा नसतो. विहिरीतील मोटार काढण्याची तिकाटणी व कप्पी ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी ती आणावी. हँडलच्या मानेस, म्हणजे चौकटीच्या पुढील जाड नळीस, सुती दोर बांधून थोडा ताण ठेवावा. तिकाटणी नसल्यास गोठ्याच्या आढ्याचाही उपयोग होतो, मात्र आढे कुजके नाही हे आधी पाहून घ्यावे.

चाक काढण्यापूर्वी ब्रेकचा जबडा सोडवून तारेने वर टांगावा. नळीवर त्याचा भार पडू देऊ नये, आणि दोन गुटक्यांमध्ये लाकडाची चीप सारून ठेवावी. कोणी चुकून ब्रेक दाबला तर आतील दट्ट्या बाहेर येतात व काम दुप्पट होते. घरात लहान मुले असतील तर ही चीप विसरू नये.

चाक निघाल्यावर, पाय टीमध्ये आवळलेले असतानाच, एक काम उरकावे. नळकांड्याच्या बुडाशी आतील दांडी धरणारा षट्कोनी खाचेचा बोल्ट असतो. एकाने नळकांडे जोराने वर दाबून धरावे, म्हणजे स्प्रिंग दांडीस घट्ट दाबते आणि दांडी फिरत नाही. दुसऱ्याने तेवढ्यात योग्य मापाच्या ॲलन चावीने बोल्ट झटका देऊन पाव फेरा ढिला करावा. तो पुरा काढू नये, नाहीतर तेल अंगावर येईल. वरचे टोपणही अशाच वेळी जरा सैल करून ठेवावे. हे दोन्ही आधी न करता पाय खाली उतरविले, तर मग त्यांस धरावयाचे कशाने, हा प्रश्न येतो, आणि तेथेच नवख्याचा हात पाइप-पान्याकडे जातो.

आमचाही गेला होता. पहिल्या खेपेस आम्ही नळी पाइप-पान्यात धरून टोपण काढले. काम झाले, नवे सील बसले, आम्ही समाधानाने हात धुतले. पंधरा दिवसांत तेल पुन्हा ओघळू लागले. पाहतो तो पान्याच्या दातांचे चार वळ नळीवर उठलेले, आणि गाडी दबली की ते वळ थेट सीलच्या ओठावरून जात. शेवटी नळीच बदलावी लागली, आणि वाचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च झाला. गावचे वृद्ध लोहार ती नळी हातात घेऊन म्हणाले, “मालक, औताला चालतं ते याला चालत नाही. हिला दात नको, हिला मूठ पाहिजे.” तेव्हापासून आम्ही एकच कसोटी ठरविली आहे: जुगाडाचे हत्यार ज्या भागास टेकणार, त्या भागाहून ते नरम असले पाहिजे. लाकूड, प्लास्टिक, रबर, सुतळी ही या कामाची खरी सामग्री होय. पोलादाची पकड, पहार व घण दूर ठेवावे. नळी धरावयाचीच झाली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, लाकडाच्या दोन खाचदार ठोकळ्यांत धरावी.

टोपण काढताना तोंड बाजूस ठेवावे. खाली स्प्रिंग दबलेली असते. शेवटच्या आट्यावर ती टोपण उडविते. तळहाताने दाबत दाबत शेवटचा फेरा द्यावा. मग स्प्रिंग काढून घ्यावी व नळी पालथी करून, नळकांडे खालीवर हलवून जुने तेल एका भांड्यात ओतावे. ते तेल जरा न्याहाळावे. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे; चंदेरी चमक दिसली तर धातू झिजतो आहे.

बुडाचा बोल्ट आधी ढिला केला नसेल, किंवा करूनही दांडी त्याच्याबरोबर फिरू लागली, तर दांडीचे डोके आतून धरावे लागते. कारखान्यात यास लांब दांड्याचे खास हत्यार असते. आपण वाळलेल्या बाभळीची, नळीत सहज जाणारी व नळीहून हातभर लांब अशी काठी घ्यावी. तिचे टोक चार बोटे निमुळते तासावे आणि ते दांडीच्या डोक्यावरील खळग्यात हलक्या ठोक्याने रुतवावे. वरून एकाने काठी घट्ट दाबून धरावी व खालून दुसऱ्याने बोल्ट फिरवावा. दहातील आठ वेळा एवढ्याने भागते. न भागल्यास खळग्याचा आकार पाहावा. तो पैलूदार असेल तर त्यात नेमके बसेल अशा डोक्याचा बोल्ट शोधून लोहाराकडून लांब सळईस जोडून घ्यावा. हे हत्यार एकदा केले म्हणजे जन्मभर पुरते, आणि शेजाऱ्यांसही उपयोगी पडते.

आता जुने सील. त्याच्यावर तारेचे एक लॉक खोबणीत बसलेले असते. ते बारीक स्क्रू-ड्रायव्हरने एका टोकाकडून उचलावे. आमच्यासारख्या लहान गाड्यांत बहुधा नळी सरळ बाहेर येते व मग सील उचकटून काढता येते. काही मोठ्या गाड्यांत नळी झटक्याने ओढली म्हणजे सील तिच्याबरोबरच येते. उचकटण्यास पंक्चर काढण्याची टॉमी चांगली, मात्र नळकांड्याच्या काठावर जाड रबर अगर लाकडाची चीप ठेवून तिच्यावर टेकू घ्यावा. हा काठ ॲल्युमिनियमचा आहे. तो चेपला तर नवे सील कधीच नीट बसणार नाही. सील हट्ट करू लागले तर नळकांड्याच्या तोंडावर, वरून फडके गुंडाळून, उकळते पाणी ओतावे. ॲल्युमिनियम तापले असता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सीलच्या अंगातील कडे पोलादी असते, म्हणून पकड आपोआप ढिली होते. वेल्डिंगची ज्योत मात्र लावू नये. तिने नळकांड्याचा कस जातो व रंग जळतो तो निराळाच.

उघडलेल्या नळीची तपासणी हा या कामाचा गाभा आहे, आणि घाईत हाच भाग टाळला जातो. नळी पुसून कोरडी करावी व नखाने लांबीच्या दिशेने चाचपावी. जेथे नख अडखळेल तेथे खळगा अगर ओरखडा आहे. पोटॅशच्या गोण्या गाडीवर आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्या खतातील क्लोराइड ओलाव्यात विरघळून क्रोमखालील पोलाद खाते व टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे डाग पडतात. डाग सील फिरते त्या भागाच्या बाहेर असेल तर चिंता नाही. बारीक उंचवटा असेल तर तेलात भिजविलेल्या हजार अंकी पॉलिश पेपरने तो घासून काढावा. पण घासणे नळीभोवती आडवे करावे, लांबीच्या दिशेने कदापि नाही. उभे ओरखडे म्हणजे तेलास बाहेर पडण्यासाठी पाडलेल्या सऱ्याच होत. खोल खळगा असल्यास नळी बदलणे हाच उपाय.

नळी वाकली आहे काय हेही पाहावे. सुताराकडून इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा असलेले दोन ठोकळे करून घ्यावे, ते सपाट फरशीवर ठेवून त्यांत नळी फिरवावी आणि मध्यभागी एक खिळा नळीस जेमतेम टेकेल असा रोवून ठेवावा. फिरताना खिळा व नळी यांतील फट कमीजास्त झाली, तर नळी वाकलेली आहे. वाकलेली नळी झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करणारे आम्ही पाहिले आहेत. पुढचे चाक ज्यावर उभे आहे त्या नळीवर असा प्रयोग करणे म्हणजे आपल्याच माणसाच्या जिवावर प्रयोग करणे होय.

नवे सील घेताना जुने सोबत न्यावे. त्याच्या अंगावर तीन आकडे छापलेले असतात: आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी, सर्व मिलिमीटरांत. दोन्ही पायांची सीले एकदमच बदलावी. बसविताना ज्या बाजूस बारीक स्प्रिंगचे कडे दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे खाली येते. नळीच्या तोंडाची कड धारदार असते. तिच्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा ओढून त्यास फोर्कचे तेल लावावे व सील त्यावरून सरकवावे, म्हणजे ओठ कापला जात नाही.

सील ठोकून बसविण्याचे हत्यार आपल्या शेतातच पडलेले असते. पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासाने ओळखले जातात: २५, ३२, ४०, ५०, ६३ मिलिमीटर इत्यादी. फोर्कची नळी ३० ते ३२ मिलिमीटर असेल तर ४० मिलिमीटरचा जाड पाइप पुष्कळदा जुळतो, परंतु प्रत्यक्ष मोजल्यावाचून कापू नये. तीन गोष्टी पाहाव्या. पाइप नळीवरून न घासता सरकला पाहिजे. सीलच्या घरात तो मोकळा उतरला पाहिजे. आणि त्याची कड सीलच्या बाहेरील टणक कड्यावर टेकली पाहिजे, ओठावर नव्हे. पाइपाचे टोक काटकोनात कापलेले असणे फार महत्त्वाचे, नाहीतर सील तिरके बसते. त्यासाठी वर्तमानपत्राची सरळ पट्टी पाइपाभोवती गुंडाळून तिच्या कडा एकमेकींवर बरोबर जुळवाव्या, त्या कडेने पेन्सिल फिरवावी व करवतीने सावकाश कापावे. पाइप नळीहून वीतभर लांब ठेवावा, म्हणजे वरून लाकडी ठोकणीने ठोके देता येतात. मापाचा पाइप न मिळाल्यास जुने सील एका जागी कापून नव्यावर ठेवावे व त्याच्यावरून ठोकावे. कापलेले असल्याने ते नंतर सहज निघते. ठोके हलके व चारी बाजूंनी फिरते असावे. लॉकची खोबण सभोवार पूर्ण उघडी दिसली म्हणजे सील बसले. ती एका बाजूस दिसते व दुसऱ्या बाजूस दिसत नाही, असे असेल तर लॉक बसविण्याची घाई करू नये.

सील नळकांड्यात उतरविण्यापूर्वी आतील दांडी व नळी जागेवर घालून बुडाचा बोल्ट आवळला पाहिजे, हे सांगावयास नको. त्याखालील तांब्याचा वायसर नवा घालावा. किती आवळावे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टॉर्क मोजण्याचा पाना महाग असतो. पण कापूस तोलण्याचा ताणकाटा पुष्कळांकडे आहे. पान्याच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरवर काटा अडकवून काटकोनात ओढावे. काट्यावर १० किलो दिसले म्हणजे २ किलो-मीटर, अर्थात सुमारे १९.६ न्यूटन-मीटर, इतका पीळ पडला. याच हिशेबाने पुस्तिकेतील कोणताही आकडा गाठता येतो. चाकाच्या आसाची नट आवळतानाही हाच काटा वापरावा. तेथे अंदाज चालत नाही.

तेल भरताना बहुतेकांची चूक होते, ती जास्त भरण्याची. तेलाच्या वर जी हवा कोंडलेली राहते तीही स्प्रिंगप्रमाणे काम करिते. तेल वाजवीपेक्षा जास्त झाले म्हणजे हवेस जागा उरत नाही, दाब वाढतो व नवे सील फुटते. पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे फोर्कचे तेल घ्यावे. इंजिनाचे जाड तेल घातल्यास गाडी दगडासारखी ताठ होते. माप गुरांच्या औषधाच्या ५० मिलिलिटरच्या नव्या सिरिंजने घ्यावे. तेल ओतून नळी आठ-दहा वेळा खालीवर हलवावी, म्हणजे बुडबुडे निघतात. ज्या पुस्तिकेत मिलिलिटरांऐवजी काठापासून तेलापर्यंतची खोली दिलेली असते, तिच्यासाठी आम्ही पुढील युक्ती करितो. ठिबकाच्या बारीक नळीचा तुकडा सिरिंजच्या तोंडास जोडावा. त्याच्यावर एक आडवी काडी अशी बांधावी की काडी काठावर टेकली असता नळीचे टोक नेमके त्या खोलीवर येईल. स्प्रिंग बाहेर व फोर्क पूर्ण दबलेला ठेवून तेल किंचित जास्त भरावे आणि सिरिंजने ओढावे. तेल येणे थांबून हवा येऊ लागली, की पातळी बरोबर झाली. दोन्ही पाय असे सारखे भरले पाहिजेत. एक कमी व एक जास्त असेल तर खड्ड्यात हँडल एका अंगास ओढ खाते.

जोडणी उलट क्रमाने करावी. आस घातल्यावर तो लगेच पुरा आवळू नये. गाडी खाली उतरवून पुढचा भाग पाच-सहा वेळा जोराने दाबावा, म्हणजे दोन्ही पाय आपली जागा घेतात, आणि मग आवळावे. तबकडीवर तेल गेले असेल तर ती ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने पुसावी, व तेल प्यालेले गुटके टाकून नवे घालावे. ते भाजून अगर घासून पुन्हा वापरणारे आहेत. आम्ही तसे करीत नाही. ब्रेकचा दांडा टणक लागेपर्यंत दाबून घ्यावा आणि मगच गाडी सपाट रस्त्यावर, बिनओझ्याने, बैलाच्या चालीने चालवून पाहावी. शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावे, नळीवरून पांढरे फडके फिरवावे व ते कोरडे निघते काय हे तपासावे.

काढलेले जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ अगर उकिरड्यावर ओतू नये. थोडे तेल फडक्याने नांगराच्या फाळास व कुळवाच्या पासेस पुसून ठेवावे, म्हणजे पावसाळ्यापर्यंत गंज चढत नाही. उरलेले डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे.